तेलिसला टेकडीवर थांबायला सांग

टोकाचं अलेक्झांड्रिया
गाव वसल्याचं सहावं वर्ष, नदीवरचा बर्फ फुटताना

देर्दास,

तुझं पत्र मिळालं. पाच महिने लागले. उंटवाला आधी ते डोंगराखालच्या अलेक्झांड्रियात घेऊन गेला, तिथून वाळवंटाकडच्या अलेक्झांड्रियात, आणि मग इथं. त्या बिचाऱ्याला मी शिव्या दिल्या, पण त्याची काय चूक? तुमच्या राजानं जिथं मुक्काम केला तिथं गाव वसवलं आणि दरवेळी स्वतःचंच नाव दिलं. पुढच्या वेळी वरती 'टोकाचं' असं लिही. ह्याच्या पुढं नदी आहे, नदीपल्याड शकांचे घोडेस्वार आहेत, आणि गाव एकही नाही.

कसं चाललंय म्हणून विचारलंस. चाललंय. भिंत आम्ही वीस दिवसांत उभी केली ती अजून उभी आहे. पहारेकरी भिंतीवर चढले की तोंड आतल्या बाजूला करून उभे राहतात. शकांची त्यांना भीती नाही, आम्ही पळून जाऊ ह्याची आहे. आसपासची तीन गावं मोडून त्यांची माणसं आमच्यात आणून कोंबली, तुला माहीतच आहे. माझ्या धाकट्याच्या, तेलिसच्या, वाट्याला त्यातली झरीन आली. बाई कामाची आहे आणि तोंडाची फटकळ आहे. दोन मुली झाल्या.

तेलिस मात्र इथं रमत नाही. आठ वर्षांपूर्वी घर सोडलं तेव्हा होता तसाच आहे. काल जेवताना म्हणाला, "दादा, ह्या भाकरीला तिळाच्या तेलाचा वास येतो."

मी म्हटलं, "तिळाचं तेल लावलंय, मग कसला येणार?"

"आपल्याकडं जैतुनाचं असायचं."

"आपल्याकडं आपण उपाशी असायचो, म्हणून तर पगारी शिपाई झालो. गिळ."

तुला लिहितो ते एवढ्यासाठीच. तू मॅसिडोनियाचा, सुभेदाराच्या फौजेत तुझा शब्द चालतो. आम्ही भाड्याचे ग्रीक, आमचं कोण ऐकतंय? सहा वर्षं झाली, आता तेलिससारख्यांना परत जायची परवानगी मिळेल का एवढं विचार. माझं काही नाही. माझा डावा गुडघा गेलाय, मी इथंच मरणार. बर्फाच्या खिंडीत तुला दोन दिवस पाठीवर वाहिलं तेव्हाच तो गेला, पण ते मी उगाळत बसत नाही. त्यानंतर आपण पाहुण्यांना राखणाऱ्या झ्यूस देवापुढं हातात हात घेतला, तुझं घर ते माझं आणि माझं ते तुझं, एवढं लक्षात असलं म्हणजे झालं.

क्रातोन

एकबताना
उन्हाळा संपताना

क्रातोनदादा,

बसून वाच. राजा मेला. बाबिलोनमध्ये, तापानं, दहा-बारा दिवसांत. जखमांनी मेला नाही, हत्तींनी मेला नाही, तापानं मेला. तिथं सरदार एकमेकांच्या उरावर बसलेत. रोज एक नवा हुकूम निघतो, आणि दुसऱ्या दिवशी तो कुणी काढलाच नव्हता असं कळतं.

एक हुकूम मात्र कायम आहे, म्हणून घाईनं सरकारी घोडेस्वाराच्या हाती पत्र देतोय. ज्यांना जिथं वसवलंय त्यांनी तिथंच राहायचं. जागा सोडली की बंड. तेलिसला सांग, चूप बस. तिळाच्या तेलानं कुणी मरत नाही.

मला येत्या वर्षी घरी सोडणार म्हणतात. पेल्लाजवळ माझा द्राक्षांचा मळा आहे आणि मळ्यात बायको आहे. बारा वर्षांत तिनं मला पाहिलं नाही. मला बघून कुत्रं भुंकायचं ठीक आहे, ती भुंकू नये म्हणजे मिळवली.

तुझा,
देर्दास

टोकाचं अलेक्झांड्रिया
गाव वसल्याचं सातवं वर्ष, तुतीची पानं गळताना

देर्दास,

तुझ्या घोडेस्वाराच्या आधी घोड्यांचे व्यापारी बातमी घेऊन आले. त्याच संध्याकाळी माणसं चौकात जमली. मी गेलो नाही. जमाव जमला की मूर्खपणा होतो. पण तेलिस घरी आला तेव्हा त्याच्या तोंडावरच दिसलं.

"दादा, राजा मेला. म्हणजे आपली शपथ संपली."

"शपथ संपली. रस्ता संपलाय का? कुठवर चालणार आहेस?"

"समुद्र दिसेपर्यंत."

"आणि समुद्रात काय करणार, बुडणार?"

हसला. माझ्या गळ्यात पडला. मला असलं आवडत नाही, पण पडू दिलं.

सगळ्या अलेक्झांड्रियांतून माणसं निघालीत, देर्दास. वीस हजारांच्या वर. आमच्या इथून तीनशे गेले, त्यात पहारेकरी सगळ्यांच्या पुढं. बायका-पोरं मागं ठेवलीत. तेलिसचा आवाज मोठा म्हणून त्याला वाटेत तीन हजारांचा नाईक केलाय. माझ्या भावाला आवाज आहे, अक्कल कुणी विचारली नाही.

तो निघाला त्या सकाळी झरीन तंदूरवर भाकऱ्या थापत होती. मला म्हणाली, "भावोजी, हे म्हणतात मी तुम्हाला न्यायला परत येईन. येतील?"

"नाही."

"मलाही तसंच वाटलं," म्हणाली, आणि पुढची भाकरी थापली.

आता कामाचं. तुमची फौज वाटेत आडवी येणार हे मला कळतं, पोरांना कळत नाही. मला तेलिस जिवंत पाहिजे. आम्ही नऊ भावंडं होतो, दोघंच उरलोय, आणि त्याला मी खांद्यावर बसवून वाढवलंय. बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं. तो माझं ऐकतो, आणि त्याची तीन हजार माणसं त्याचं ऐकतात. मला उपदेश नको. काय करायचं ते सांग.

क्रातोन

पार्थियाच्या वाटेवर, छावणीतून
कडाक्याची थंडी

क्रातोनदादा,

बरं झालं लिहिलंस. आम्ही निघालोय. सुभेदार स्वतः पुढं आहे.

सरळ सांगतो. उघड्यावर गाठ पडली तर तुमची माणसं जास्त आहेत आणि चिडलेली आहेत, दोन्हीकडून खूप मरतील. पण त्यांची डावी बाजू तेलिसकडं आहे असं आमचे हेर सांगतात. त्या बाजूला एक टेकडी आहे. लढाईच्या दिवशी तो आपली माणसं घेऊन टेकडीवर चढला आणि खाली उतरलाच नाही, तर अर्ध्या दिवसात सगळं आटपेल. मग ढाली खाली ठेवायच्या, एकमेकांचा उजवा हात धरायचा, आणि ज्यानं त्यानं आपापल्या गावी परत जायचं. ना शिक्षा, ना काही. सुभेदाराला माणसं हवीत, मुडदे नकोत.

तेलिसला टेकडीवर थांबायला सांग. पाहुण्यांच्या झ्यूसची शपथ घेऊन लिहितो, तुझ्या भावाला काही होणार नाही. तो माझ्याजवळ बसून जेवेल.

आमची पोरं मजेत आहेत, थंडी असून गाणी म्हणतात. तीनशे रिकामी खेचरं बरोबर घेतलीत.

तुझा,
देर्दास

टोकाचं अलेक्झांड्रिया
थंडी ओसरताना

देर्दास,

काम झालं. चांगला घोडा देऊन माणूस पाठवला, तो तेलिसला गाठून परतही आला. मी लिहिलं ते असं: तुझा दादा सांगतो. लढाई लागली की टेकडीवर जा आणि तिथंच थांब. खालचे हाका मारतील, मारू देत. मग देर्दास येईल, तो सांगेल तसं कर.

तेलिसचा निरोप आला, "दादाला सांगा, मला हे पटत नाही, पण करतो." लहानपणी औषध प्यायचा तसंच.

रिकामी खेचरं आणताय हे मात्र शहाणपणाचं केलंत. परतीला म्हातारे आणि जायबंदी बसतील. वाटेत पायाला जखमा झालेले पुष्कळ असतील.

शेजारचा मोस्खोस खालच्या माणसांत आहे. तेलिसच्या नाही, दुसऱ्या तुकडीत. त्याच्या बायकोला वाटतं मी एकटा म्हातारा, म्हणून रोज शेळीचं दूध आणून देते. म्हणते, "भावोजी, आमच्या माणसाची काही खबर?" मी म्हणतो, "नाही." आणि दूध पितो. फार विचार करत बसलो तर दूध नासतं.

काय झालं ते लगेच कळव. नुसतं 'जिवंत' एवढं लिहिलंस तरी पुरे.

क्रातोन

एकबताना
वसंत

क्रातोनदादा,

उशीर झाला. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा ठेवलं. तुला घोळवून सांगितलेलं आवडत नाही, म्हणून एका दमात सांगतो.

तेलिस टेकडीवर गेला. खालच्यांनी हाका मारल्या, तो उतरला नाही. त्यांची फळी फुटली आणि दुपारपर्यंत ते पळाले, मग थकून शरण आले. उजवे हात धरले, शपथा झाल्या. मग टेकडीवरच्यांकडं मी गेलो. तेलिसनं मला लांबूनच ओळखलं. आवाज तो, आख्ख्या टेकडीला ऐकू गेला: "हा आमच्या घरचा माणूस आहे! ढाली ठेवा!" सगळ्यात आधी त्यानं स्वतःची ठेवली.

त्यांना जेवायला बसवलं. त्यांचा एक, आमचा एक, असं मिसळून. तेलिस माझ्याजवळ होता. तुझ्या गुडघ्याचं सांगत होता, मुलींचं सांगत होता. माझ्याकडं मीठ मागितलं. मी मीठ दिलं आणि शिंग वाजलं.

मला आधी माहीत होतं का, असं तू विचारशील. होतं. हुकूम बाबिलोनहून निघाला तेव्हापासून होतं. एकही माणूस जिवंत परत जाता कामा नये, आणि त्यांचं सामान शिपायांचं. सुभेदार त्यांना सोडायच्या बेतात होता, पण फौजेला तो हुकूम पाठ होता. खेचरं कशाला घेतली होती ते तुला आता समजलं असेल. येताना एकही रिकामं नव्हतं.

तेलिसला मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. परक्यानं दोन-तीनदा मारलं असतं. मी एकदाच मारलं. तुझ्यासाठी तेवढं माझ्या हातात होतं आणि तेवढं मी केलं. मूठमाती द्यायला वेळ मिळाला नाही, तिथली कुत्री किती आणि कशी आहेत ते तुला माहीत आहे.

त्याचा कमरपट्टा पाठवतोय. चांदीची कडी एकानं आधीच काढून घेतली होती.

देर्दास

एकबताना
ऐन उन्हाळा

क्रातोनदादा,

कमरपट्ट्याबरोबर पत्र पाठवलं, त्यामागून आणखी एक पाठवलं, उत्तर नाही. शिव्या दे, पण लिही. शिव्या देणारा माणूस समजतो, गप्प माणूस समजत नाही.

आता माझं ऐक. परवा सुभेदारानं आम्हा जुन्यांना रांगेत उभं केलं. मला वाटलं, आता घरी सोडतायत. मी सामान बांधून ठेवलं होतं, बायकोसाठी कानातलं घेतलं होतं. कारकुनानं यादी वाचली. लांबची गावं माणसांवाचून ओस पडलीत, शक नदी ओलांडतील, म्हणून पन्नाशीच्या वरच्यांना तिथं वसवायचं. नावानिशी घरं वाटून टाकलीत, घरातल्या बायांसकट. माझं नाव आलं आणि पुढं गावाचं नाव आलं: टोकाचं अलेक्झांड्रिया. घर तेलिसचं. बाई झरीन.

मी म्हटलं, "साहेब, दुसरं कुठलंही गाव द्या."

कारकून म्हणाला, "का? तिथं तर तुमच्या ओळखीचे आहेत ना?"

पळून जायची सोय नाही. काल दोघं पळाले, त्यांना सुळावर चढवून सगळ्यांना बघायला उभं केलं. दहा दिवसांत आमची तुकडी निघते. एकतीस माणसं आहोत, सगळे माझ्यासारखे, कुणाचा हात नाही, कुणाचा डोळा नाही. आणि गावात तुमच्या तीनशे विधवा.

तर दादा, तू मला वेशीवर घ्यायला यायचंस, माझा हात धरायचास, आणि सगळ्यांदेखत पाहुणा म्हणून घरात न्यायचंस. तू करशील. न करून सांगतोस कुणाला? तुझी पत्रं माझ्याजवळ जपून ठेवलेली आहेत. 'बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं' हे तुझ्याच अक्षरात आहे. 'खालचे हाका मारतील, मारू देत' हेही आहे. तिथल्या बायकांना वाटतंय त्यांची माणसं लढाईत हरली. ती कुणी हरवली ते त्यांना ठाऊक नाही. माझ्या केसाला धक्का लागला तर माझे सोबती ती पत्रं चौकात वाचतील, तसं मी सांगून ठेवलंय.

तेव्हा दोघं म्हातारे गप्प राहू. आपल्याला आता किती जगायचंय? मी झरीनला त्रास देणार नाही. मला एक खाट आणि दोन वेळची भाकरी पुरे.

देर्दास

टोकाचं अलेक्झांड्रिया
गाव वसल्याचं आठवं वर्ष, उन्हाळा संपताना

देर्दास,

कमरपट्टा पोचला. झरीनला दिला. तिनं तो बघितला, बोटानं कडीची जागा चाचपली, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधून टाकला. दोरी गाठीला कमी पडत होती म्हणे.

उत्तर दिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

माझी पत्रं जपून ठेवायचे कष्ट घेऊ नकोस. तुझं पत्र आलं त्याच सकाळी मी काठी टेकत विहिरीवर गेलो. बायका पाणी भरत होत्या. मी म्हटलं, "ऐका, एकदाच सांगणार आहे." आणि सांगितलं. तेलिसला काय लिहिलं, तुला काय लिहिलं, कशासाठी लिहिलं, सगळं.

मोस्खोसच्या बायकोनं हंडा खाली ठेवला. म्हणाली, "मागच्यांना ऐकू आलं नाही. मोठ्यानं सांगा."

परत सांगितलं.

झरीन पुढं आली. "तुम्हाला फक्त ह्यांना वाचवायचं होतं?"

"हो."

"आणि बाकीचे तीनशे?"

"त्यांचा मी विचार केला नाही."

"आणि ह्यांनाही वाचवता आलं नाही."

"नाही."

"मग भावोजी, तुम्ही केलंत तरी काय?"

ह्याचं उत्तर तुला सुचलं तर वाटेत तयार करून ठेव, तुलाही विचारतील.

माझा उजवा गुडघा धड होता. तो मोस्खोसच्या बायकोनं मुसळानं मोडला. दोन घाव घातले, बाईच्या हाताला जोर आहे. बाकीच्यांनी दगड उचलले होते आणि तिथल्या तिथं आटपलंही असतं. पण झरीन म्हणाली, "थांबा. दुसरा यायचाय. पाहुणा आल्याशिवाय जेवायला बसायचं नसतं."

तेव्हा त्यांनी मला धान्याच्या रिकाम्या पेवात सोडलंय. खोल आहे, वरून लाकडी झाकण आहे. दिवसातून एकदा दोरीनं भाकरी आणि पाणी खाली येतं. दुपारी झाकण बाजूला करतात तेवढ्या उजेडात हे लिहितोय, अक्षर लावून घे. झरीन ते घोड्यांच्या व्यापाऱ्याहाती पाठवते, तुला वाटेतच गाठेल. झाकण काढलं की दोघी-तिघी वरून वाकून बघतात, मी जिवंत आहे ना म्हणून. आजवर माझी एवढी काळजी कुणी घेतली नव्हती.

तुझ्या तीस सोबत्यांचं बायकांना इतक्यात काही करायचं नाही. त्या कत्तलीत त्यांच्यातल्या कुणाकुणाचा हात होता ते तुझ्याकडूनच वदवून घेतील, मग बघतील. हे मी तुला का सांगतो? तुला येणं टळत नाही म्हणून. मागं सूळ आहे आणि पुढं हे गाव आहे. कळलेलं असलं म्हणजे उरलेली वाट तू नीट चालशील, एकेक पाऊल मोजत. खिंडीत मी तुला पाठीवर घेतलं तेव्हा तू डोळे मिटून होतास. ह्या वेळी उघडे ठेव.

आता वाटेचं सांगतो, नीट ऐक. बर्फ पडायच्या आत खिंड ओलांडा, नाहीतर चार महिने पलीकडं अडकाल. पेवात ओल फार आहे आणि माझी छाती भरलीय. हा हिवाळा काही मी काढत नाही. मी आधी गेलो तर माझ्या वाटणीचंही तुलाच मिळेल, तसं झरीननं मला सांगितलंय. तेव्हा वाटेत कुठं रेंगाळू नकोस. पाय उचल.

क्रातोन